कुटार खाणारा लाकडी बैल

पत्र थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी २० महिन्यांची. घरी सासू-सासरे, नवरा, एक म्हैस, दोन बकऱ्या आणि ५ एकर कोरडवाहू शेती. आई बी.ए. झालेली. सध्या कापसाची वेचणी जोरात आहे. पुण्याला राहणाऱ्या जावेचा मुलगा याच वयाचा. तो प्ले ग्रुपला जातो, कार्डं पाहून रंग सांगतो, इंग्रजी कविता म्हणतो आणि त्याचे व्हिडिओ रोज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. ‘माझी मुलगी दिवसभर माझ्या मागे फिरते, मातीत लोळते, भांडी फेकते. तिच्यासोबत काही करायला मला वेळच मिळत नाही. निदान इंग्रजी कानावर पडावं म्हणून मोबाइल लावून देते, तर आता मोबाइलशिवाय ती घास घेत नाही. दूध मात्र चार-पाच बाटल्या पिते. बोलते पंधरा-वीस शब्द, तेही सगळे वऱ्हाडी. सासूबाई म्हणतात, पोरं अशीच वाढतात. यांचं म्हणणं, पाडव्यानंतर मी तिला घेऊन यवतमाळला खोली करून राहावं आणि तिला प्ले ग्रुपमध्ये टाकावं. मला काही सुचत नाही. माझ्यामुळे माझी लेक मागे पडेल का?’

बाई, तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानांच्या त्या पत्रात तिसऱ्या पानावर, सगळ्या तक्रारींच्या मधोमध तू एक ओळ लिहून गेलीस : ‘तान्ह्या पोळ्याला मामंजींनी घेऊन दिलेला लाकडी बैल दिवसभर ओढत असते, वाटीत कुटार (जनावरांचा भुसा) भरून त्याच्या तोंडापुढे ठेवते, खा-खा म्हणते आणि घरभर कुटार सांडते, मला दोनदा झाडावं लागतं.’

मी त्या ओळीपाशी थांबले. अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून मी अर्धं आयुष्य गावोगाव फिरण्यात घालवलं आहे, लहान लेकरं पाहण्याची डोळ्यांना सवय झाली आहे. तुझी मुलगी काय करते ते जरा सावकाश बघ. बैल लाकडाचा आहे, तो खात नाही, हे तिला कळतं. तरी त्याला भूक लागली असं ती मनाशी धरते. जनावरं काय खातात हे तिने गोठ्यात पाहिलेलं आहे आणि ते तिच्या लक्षात आहे. ती वाटी शोधते, कुटार आणते, बैलाचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते पाहून वाटी बरोबर तिथेच ठेवते आणि त्याला ‘खा’ म्हणते. दीड वर्षानंतर मुलांमध्ये हा लटका खेळ सुरू होतो. एका वस्तूला दुसरी समजणं, समोर नसलेली गोष्ट मनात उभी करणं, हीच ताकद पुढे बोलताना आणि वाचताना कामी येते. वाढीची तपासणी करणारे लोक या वयात हा खेळ मुद्दाम पाहतात. तुझ्या घरात तो रोज चाललाय आणि तुला त्यात फक्त सांडलेलं कुटार दिसतंय. तुला दोष देत नाही. दिवसभर कमरेला ओटी बांधून कापूस वेचून आलेल्या बाईला घरात आल्याबरोबर कुटारच दिसणार.

म्हणजे मुलगी मागे पडेल का, या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. तुझं पत्र वाचून तरी मला ती कुठे मागे दिसत नाही. पण दोन-तीन गोष्टी आत्ताच सुधारायला हव्यात, त्या मी स्पष्ट सांगते. आणि खोलीचं म्हणशील तर त्यावर माझं वेगळं म्हणणं आहे, ते शेवटी.

आधी जावेच्या व्हिडिओंबद्दल. तो व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा असतो आणि चांगला निघाला तोच ग्रुपवर येतो. त्या लेकराचं रडणं, जेवताना ताट उडवणं, रात्री न झोपणं तुझ्यापर्यंत येत नाही. तुझ्या जावेचंही काही चुकत नाही. तिच्याकडे अंगण नाही, बकरी नाही, घरात दुसरं माणूस नाही. तिच्याजवळ कार्डं आहेत, म्हणून ती कार्डं दाखवते. पण कार्डावरचा लाल रंग दीड-दोन वर्षांच्या मुलाने सांगितला म्हणजे तो हुशार आणि नाही सांगितला म्हणजे मागे, असा हिशेब नसतो. रंगांची नावं बहुतेक मुलांची तीन वर्षांच्या पुढे कधीतरी पक्की होतात. दोन लेकरं दोन वेगळ्या घरांत वाढताहेत, एवढंच त्या व्हिडिओंवरून कळतं.

आता तुझं ‘वेळच मिळत नाही’. तू असं धरून चालली आहेस की मुलीसोबत काही करणं म्हणजे सगळी कामं उरकून, चटई अंथरून, समोर खेळणी मांडून बसणं. असा वेळ वेचणीच्या दिवसांत कोणाला मिळतो? आणि या वयाचं लेकरू एका जागी बसतच नाही. त्याला तू जे करतेस तेच करायचं असतं. म्हणून वेगळा वेळ शोधू नको, जे काम चाललंय त्यातलाच एक लहान तुकडा तिच्या हातात दे.

सकाळी सडा टाकतेस तेव्हा तिला एक लहानसा गडवा दे. ती अर्धं पाणी स्वतःच्या पायावर सांडेल, सांडू दे. गडव्यातून वाटीत, वाटीतून जमिनीवर पाणी ओतताना हाताला जो अंदाज येतो तो कार्ड पाहून येत नाही. भाकरी करताना पिठाचा एक गोळा मोडून तिला परातीत दे आणि परात चुलीपासून दूर, उंबऱ्याजवळ ठेव. ती तो दाबेल, फोडेल, एखादा तुकडा तोंडातही घालेल. आठ-दहा दिवसांत ती तुझ्यासारखी थापायला लागेल, बघशील. धुणं वाळत घालताना एकेक कपडा तिच्या हातात देऊन विचार, हा कोणाचा? हा बाबाचा, हा आजीचा, हा तुझा. कपड्यांवरून माणसं ओळखणं म्हणजे वस्तूंची वाटणी करायला शिकणं आहे आणि त्यासाठी तुझं काम पाच मिनिटांनीही लांबत नाही. सासूबाई सुपात तूर निवडायला बसल्या की हिला कांद्याची टोपली दे. लहान कांदे एकीकडे, मोठे एकीकडे. तूर, हरभरा, शेंगदाणा मात्र तिच्या हाती नको. या वयात मुलं दाणा नाकात घालतात, नाहीतर तोंडात ठेवून हसतात आणि तो श्वासनळीत जातो. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊच नयेत, कूट करून द्यावेत. सरकीही तिच्या हाती लागू देऊ नको.

ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. मॉन्टेसरीची साधनं महाग, खेड्यात कोण आणणार? मग त्यांनी गोटे, शिंपले, पानं, बिया, माती यांचीच साधनं केली. लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. ज्या अंगणाला तू कमी समजतेस, त्या अंगणावरून हे नाव पडलं आहे.

तरीही तुझ्या सासूबाईंचं ‘पोरं अशीच वाढतात’ मला निम्मंच पटतं. हातापायांनी पोरं अशीच वाढतात. बोलणं मात्र बोलणाऱ्या माणसाशिवाय वाढत नाही. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे लेकरू दिवसभर आईच्या पदराला धरून असतं, पण ‘इकडे नको जाऊ’, ‘हात नको लावू’, ‘चूप बस’ याच्यापलीकडे त्याच्याशी कोणी बोलत नाही. तुझ्या घरी असं होत असेल तर तेवढं बदलायला हवं. ती ज्याच्याकडे बोट दाखवते त्याबद्दल बोल. ‘थे पाय, बकरी आली.’ मग थांब. मनात पाचपर्यंत मोज, घाई करू नको. ती ‘बकी’ म्हणेल, नाहीतर नुसता हुंकार देईल. मग म्हण, ‘हो वो माय, बकरी. काळी बकरी. पाला खाऊन राह्यली.’ तिने एक शब्द दिला, तू त्यात दोन घातले. तिचा शब्द चुकला म्हणून टोकू नको, तूच तो नीट म्हणून दाखव. दिवसात पन्नास वेळा हे घडलं तरी तुझं एकही काम अडत नाही. मोठी माणसं थांबत नाहीत हीच अडचण असते. लेकराचं तोंड उघडायच्या आत आपण बोलून मोकळे होतो.

आणि हे वऱ्हाडीतच बोल. ‘तेही सगळे वऱ्हाडी’ हे तू जसं लिहिलंस ते वाचून मला वाईट वाटलं. तुझ्या तोंडात जी बोली सहज आहे, जिच्यात तू रागावतेस, लाड करतेस, गुणगुणतेस, तीच तिच्यासाठी सगळ्यात श्रीमंत भाषा आहे. अडखळत बोललेल्या इंग्रजीतून किंवा मुद्दाम पुस्तकी केलेल्या मराठीतून तिला निम्मे शब्दही मिळायचे नाहीत. पऱ्हाटी, बोंड, धुरा, कुटार, वखर, गडवा, सपरी हे सगळे शब्द आहेत आणि प्रत्येकामागे तिने हाताळलेली वस्तू आहे. एक भाषा मुळापासून पक्की झालेलं लेकरू शाळेत दुसरी शिकतं. जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी तुझ्या सासूबाईंना येत असतील, तर त्या म्हणतील तेव्हा हिला त्यांच्या मांडीवर बसव.

आता पंधरा-वीस शब्दांचा हिशेब. २० महिन्यांना हे ठीक आहे, घाबरू नको. मी शब्दांच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी पाहते. नावाने हाक मारली की वळते का? काही दाखवायचं असलं की बोट करून तुझ्याकडे पाहते का? ‘चप्पल आण’ म्हटलं, हाताने खूण न करता, तर आणते का? दोन वर्षांची होईपर्यंत ‘पानी दे’, ‘बाबा आला’ असे दोन शब्द जोडायला लागते का? यातलं काही होत नसेल, किंवा येत असलेले शब्द ती विसरायला लागली, तर वाट पाहत बसू नको. कान वाहत असेल तर तोही दाखव. कमी ऐकू येणारं लेकरू पुष्कळदा ‘हट्टी’ म्हणून मार खातं. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड तुझ्या पेटीत कुठेतरी असेल, ते काढ. त्यात नुसत्या लसी नाहीत, कोणत्या वयात लेकराला काय यायला हवं तेही चित्रांसह दिलं आहे आणि वजनाचा आलेख आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक लेकरं तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेव आणि त्या दिवशी वेचणी सोडून मुलीला ने. गरज वाटली तर ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात आणि हे सगळं मोफत असतं.

सुधारायला हवं म्हटलं त्यात पहिला मोबाइल. यात मी तुला सूट देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये हेच सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको. नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओ कॉल झाला तर चालेल. म्हणजे पुण्याच्या काकूशी आणि भावाशी ती बोलू शकते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना तासाभराच्या वर नको, तेही कोणी सोबत असताना. इंग्रजी कानावर पडेल म्हणून तू मोबाइल देतेस, पण या वयाची मुलं पडद्यावरून फार कमी भाषा शिकतात. पडदा बोलतो आणि पुढे जातो, लेकराच्या हुंकाराला उत्तर देत नाही. ‘बकी’ म्हटल्यावर ‘हो वो माय’ म्हणणारं तिथे कोणी नाही.

जेवताना तर तो आणखी घातक. डोळे मोबाइलवर आणि घास आपण भरवतोय, यात आपलं पोट कधी भरलं हे लेकराला कळेनासं होतं. चव कळत नाही, चावणंही राहून जातं. पण एक खरं सांगू? तुझी मुलगी जेवत नाही याचं मोठं कारण मोबाइल नाहीच, दूध आहे. घरी म्हैस आहे, दूध मुबलक आहे, म्हणून दिवसाला चार-पाच बाटल्या जातात. एवढ्या दुधाने तिचं इवलंसं पोट भरतं, मग भाकर-वरणाला जागा कुठे राहणार? दुधात लोह अगदी कमी असतं. नुसत्या दुधावर वाढणारी लेकरं गुबगुबीत दिसतात आणि रक्त कमी निघतं, हे मी अंगणवाडीत वारंवार पाहिलं आहे. दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध नको आणि तेही पेल्याने, जेवण झाल्यावर. बाटली बंद कर. आजोबांच्या बशीतला चहा-टोस असेल तर तोही बंद. चहा भूक मारतो आणि अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आजोबांना राग येईल, पण त्यांच्या हाती दुसरं काम देऊ, ते पुढे सांगते.

मोबाइल सोडवायचा कसा? हळूहळू कमी करणं बहुतेक घरांत जमत नाही. कोणीतरी दया खाऊन पुन्हा देतं आणि लेकरू आणखी जोरात रडायला शिकतं. घरातल्या सगळ्यांनी आधी एका रात्री बसून ठरवा. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मोबाइल कोणाच्याच हातात नको, तुझ्या नवऱ्याच्याही. रात्रीचं जेवण सगळे एकत्र बसून करता, तिथून सुरुवात कर. तिचं वेगळं लहान ताट, त्यात वरणात कुस्करलेली थोडी भाकर, नाहीतर मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वर तेल किंवा तूप. तिखट घालायच्या आधी भाजीतली तिची वाटी काढून ठेवायची. तिच्या हाताने खाऊ दे. निम्मं खाली पडेल. पहिले चार-पाच दिवस ती रडेल, ताट ढकलेल, एखादं जेवण टाकून उठेल. तू शांत राहा, मागे घास घेऊन धावू नको, अर्ध्या-पाऊण तासाने उचल आणि त्याऐवजी दूध देऊ नको. दोन-अडीच तासांनी पुन्हा काहीतरी खायला दे. दूध कमी केलेलं असेल तर भूक लागेलच. आठवडाभर घराने धीर धरला की बहुतेक लेकरं ताटाकडे वळतात. अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, तो बकरीला जाऊ देऊ नको. वजन दर महिन्याला करून कार्डावर लिहून घे. रेघ वर चढत असेल तर किती घास गेले ते मोजत बसायचं कारण नाही.

रात्रीचा मोबाइलही तसाच बंद कर. या वयाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते.

वेचणीचं तू फार थोडं लिहिलंस, पण मला त्याची जास्त काळजी वाटते. मुलीला शेतात नेतेस का, ते कळलं नाही. नेत असशील तर बाभळीखाली झोळी बांधणं ठीक, पण ज्या वावरात नुकती फवारणी झाली त्या वावरात तिला पाऊल टाकू देऊ नको आणि पऱ्हाटीच्या ओळीत एकटीला सोडू नको. २०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसं दगावली, ते कोणी विसरलेलं नाही. औषधाचे डबे घरात सपरीच्या कोपऱ्यात, पोराच्या हाताला लागतील असे ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं तर कधीच नको. तिला बाटलीतलं पाणीच दिसेल. घरात भरलेल्या कापसाच्या ढिगात लोळायला पोरांना फार आवडतं, पण त्यात विंचू-किडा असतो आणि अंगाला खाज सुटते, तेव्हा ती खोली बंद राहू दे. आणि न्हाणीतली बादली, गंगाळ, गोठ्यातलं टाकं कामाशिवाय भरून ठेवू नको. वीतभर पाण्यातही या वयाचं लेकरू डोक्यावर पडलं तर त्याला उठता येत नाही.

त्यापेक्षा वेचणीच्या दिवसांत ती सासूबाईंजवळ घरी राहिली तर बरं. पण मग त्यांच्या डोक्यावर घरचं सगळं काम आणि वर नात, असं नको. तुझा नवरा मुलीसाठी यवतमाळला खोली घ्यायला तयार आहे, म्हणजे त्याला लेकीची ओढ आहे. त्या ओढीतून रोज संध्याकाळी त्याने तिला आंघोळ घालावी आणि अर्धा तास गावातून फिरवून आणावं. तेवढ्या वेळात तू निवांत बस, नाहीतर झोप. मुलीशी बोलायला तुझ्या अंगात त्राण हवं ना.

आता खोली. दोन्ही बाजू मांडते. यवतमाळला खोलीचं भाडं, प्ले ग्रुपची फी, दोन चुली. पाच एकर कोरडवाहूत एखादं साल पाण्याने किंवा बोंडअळीने गेलं तर हा खर्च कर्जावर जाईल. तू आणि मुलगी दोघीच एका खोलीत. आजी नाही, आजोबा नाहीत, बकरी नाही, कुटार नाही. प्ले ग्रुप दोन-अडीच तासांचा, उरलेला दिवस तू तिला काय देशील? मला वाटतं, मोबाइलच. पाडव्याला ती दोन वर्षांचीच असेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षणाचा पहिला टप्पा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून धरला आहे आणि तीन वर्षांची झाली की तुमच्या गावच्या अंगणवाडीत ती बसू शकते. त्याआधी तुमच्या अंगणवाडीत पालक मेळावा होत असेल तर जा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने ‘आरंभ’ नावाचा कार्यक्रम उभारला आहे, त्यात तीन वर्षांखालच्या मुलांशी घरच्या घरी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते सेविकांना शिकवतात आणि मेळाव्यात आई-बापांना करून दाखवतात. सेविकेला त्याबद्दल विचार. नवऱ्यालाही ने, बाया-बायांचं काम म्हणून तो मागे राहायला नको.

म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी आत्ता यवतमाळला जाऊ नको असं माझं मत आहे. तपासणीत काही निघालं आणि उपचारासाठी दर आठवड्याला जावं लागलं, तर गोष्ट वेगळी. मग कर्ज काढूनही जा.

पण पत्र वाचताना मला आणखी एक जाणवलं, ते विचारून टाकते. तू बी.ए. झालीस, अक्षर सुंदर आहे, पत्र नेटकं आहे. खोलीचा विषय निघाल्यावर तुलाही जरा बरं वाटलं का? बी.एड. करावं, नोकरी पाहावी, नुसतं घराबाहेर पडावं असं मनात असेल तर त्यात काही चुकीचं नाही. मात्र ते मुलीच्या प्ले ग्रुपच्या नावाखाली नको, स्वतःच्या नावाने माग. सासूबाई मुलीला सांभाळतील का, बस कितीची आहे, फी किती, हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं गावात राहूनही निघू शकतात. मुलीच्या आडून हा निर्णय घेतलास तर उद्या तिला दोन कविता कमी आल्या की तुलाच ते खर्च फुकट गेल्यासारखं वाटेल. याबद्दल लिहावंसं वाटलं तर लिही, ते पत्र मी छापणार नाही.

शेवटी तू विचारलंस, फाल्गुनात तिचा दुसरा वाढदिवस आहे, कोणतं खेळणं घेऊ? दुकानातून काही आणू नको. बुरडाकडून तिच्या हाताचं एक लहान सूप करून घे. आणि बैलाची दोरी तुटली म्हणून ती रडते, असं तू लिहिलंस. त्याला नायलॉनची दोरी बांधू नको, गळ्यात अडकेल. चहाची बशी बंद झाल्यावर आजोबा रिकामे असतील. त्यांना घरचा अंबाडीचा वाख दे आणि वीतभरच दोरी वळायला सांग. वळताना एक टोक तिच्या मुठीत धरायला द्यायचं आणि ती ओढेल तेव्हा ओढू द्यायचं.